फिरत्या चकतीचा भरवसा

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ज्या लालसर रंगाने रंगवला आहे, त्याच जातीचा लोहकणांचा रंग १९५०च्या दशकात जवळच्या सॅन होजे शहरातल्या एका प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमच्या चकत्यांवर ओतला जात होता. रंगात गुठळी राहू नये म्हणून तो रेशमी पायमोज्यातून गाळून घ्यायचा, कागदी पेल्यात भरायचा आणि चकती गरगर फिरत असताना तिच्या मध्याजवळ त्याची धार धरायची. फिरण्याच्या जोराने रंग कडेपर्यंत सारखा पसरत असे. आयबीएम कंपनीच्या या प्रयोगशाळेचा प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन मूळचा शाळामास्तर. उत्तरपत्रिका आपोआप तपासणारे यंत्र त्याने घडवले, म्हणून कंपनीने त्याला नोकरीत घेतले होते. सप्टेंबर १९५६ मध्ये त्याच्या चमूने जगापुढे ठेवलेले यंत्र म्हणजे पहिली हार्ड डिस्क.

तिचे रूप आज ओळखूही येणार नाही. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, मिनिटाला १,२०० फेरे, वजन टनभर, आणि एवढ्या पसाऱ्यात मावणारी अक्षरे ५० लाख. मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तिच्यात जेमतेम बसला असता. पूर्ण यंत्रणेचे भाडे होते महिन्याला ३,२०० डॉलर. तरीही कंपन्या ती घ्यायला पुढे आल्या, कारण तोवर यंत्रावरचे हिशोब असायचे ते भोके पाडलेल्या कार्डांवर. व्यवहार साठवून ठेवायचे, कार्डे क्रमाने लावायची आणि गठ्ठाच्या गठ्ठा यंत्रातून काढायचा, तेव्हा कुठे एका गिऱ्हाइकाची बाकी समजे. चकतीवर हवी ती नोंद सेकंदाभरात हाती येऊ लागली. पहिले यंत्र गेले सॅन फ्रान्सिस्कोच्या झेलरबाख या कागद विकणाऱ्या कंपनीकडे. हार्ड डिस्क जन्मली ती व्यापाऱ्याच्या जमाखर्चासाठी, हे तिच्या पुढच्या सगळ्या कहाणीत लक्षात ठेवायला हवे.

दुखणेही जन्मजातच होते. हिशोबाची वही मिटून फडताळात ठेवली की पडून राहते. चकतीला फिरत राहावे लागते, आणि तिच्यावर लिहिणारे-वाचणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, ते चकतीला न शिवता अगदी जवळून तरंगत ठेवावे लागते. रॅमॅक नावाने ओळखल्या गेलेल्या त्या पहिल्या यंत्रणेत हे अंतर सुमारे २० मायक्रॉन होते, आणि ते राखण्यासाठी दाबाखालची हवा सोडावी लागे. १९६१ साली आयबीएमने आणलेल्या पुढच्या डिस्कमध्ये हेडचा आकारच असा केला, की फिरत्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेवर ते आपोआप तरंगावे. तेव्हापासून जास्त माहिती मावावी म्हणून हेड चकतीच्या आणखी आणखी जवळ येत गेले. आज हे अंतर पाच नॅनोमीटरच्याही खाली आहे. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. त्या फटीपुढे धुराचा कण किंवा बोटाचा पुसट ठसासुद्धा अवाढव्य ठरतो. हेड एकदा चकतीला घासले, की लेप खरवडला जातो, त्याचा चुरा आत उडतो, तोच पुन्हा हेडखाली येतो आणि ओरखडा वाढत जातो. माहिती त्या लेपातच असते. लेप गेला की परत आणण्यासारखे काहीही उरत नाही.

धूळ हा पहिला शत्रू, म्हणून १९७३ साली आयबीएमने हेड आणि चकत्या एकाच बंद डब्यात घातल्या. केनेथ हॉटन या अभियंत्याने त्या प्रकल्पाला एका प्रसिद्ध बंदुकीवरून ‘विंचेस्टर’ असे नाव दिले आणि पुढे कित्येक वर्षे सगळ्याच हार्ड डिस्कना लोक विंचेस्टर म्हणत राहिले. आजची डिस्क त्याच घराण्यातली.

त्या काळात डिस्क जिथे होती, तिथे तिच्याभोवती माणसे होती. थंड केलेली खोली, पाळीवर काम करणारे ऑपरेटर, भिंतीला लागून चुंबकीय फितींची मांडणी. रोज रात्री डिस्कवरची माहिती फितीवर उतरवली जायची. फितींचा क्रम ठरलेला असे, आणि त्याला नावही होते आजोबा-बाप-मुलगा: आजची फीत मुलगा, त्याआधीची बाप, त्याही आधीची आजोबा. मुलगा खराब निघाला तर बापाकडे जायचे. जुन्या फिती दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या गावात पाठवल्या जायच्या. अणुयुद्धाच्या भीतीने अमेरिकेत त्यासाठी एक वेगळा धंदाच उभा राहिला होता. हर्मन क्नाउस्ट नावाच्या अळिंबीच्या व्यापाऱ्याने १९३६ साली न्यूयॉर्क राज्यातली लोहखनिजाची एक रिकामी खाण अळिंबी पिकवण्यासाठी ९,००० डॉलरला घेतली होती. १९५१ साली त्याने त्याच खाणीत तिजोऱ्या बांधून कंपन्यांची कागदपत्रे ठेवायला सुरुवात केली. पहिले गिऱ्हाईक एक बचत बँक होती. तिने खात्यांच्या मायक्रोफिल्म प्रती तिथे ठेवल्या. ती कंपनी म्हणजे आजची आयर्न माउंटन.

१९८० मध्ये ॲलन शुगार्ट यांच्या कंपनीने, जी पुढे सीगेट झाली, पाच मेगाबाइटची छोटी हार्ड डिस्क बाजारात आणली. १९८३ साली आयबीएमच्या पीसी-एक्सटीमध्ये दहा मेगाबाइटची डिस्क बसूनच आली. डिस्क दुकानात, दवाखान्यात, वकिलाच्या टेबलावर पोहोचली. ऑपरेटर, फितींची मांडणी आणि खाणीतली तिजोरी मात्र मागेच राहिली. गेल्या चाळीस वर्षांत लहान-मोठ्या उद्योगांनी डेटा गमावल्याच्या बहुतेक कहाण्यांचे मूळ इथे आहे: यंत्र स्वस्त होऊन सगळ्यांकडे गेले, त्याच्यासोबतची शिस्त गेली नाही.

भारतात हे जरा उशिरा घडले. १९७८ साली आयबीएम देशातून बाहेर पडली. बँकांमध्ये संगणक आणण्यासाठी नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ सालचा. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आली, पण कर्मचाऱ्यांचा यंत्रावर विश्वास बसायला वेळ लागला आणि तो अविश्वास फायद्याचा ठरला. दिवसअखेर खात्यांच्या शिलका कागदावर छापून ठेवायची रीत होती. सकाळी यंत्र बंद पडले तरी खातेदाराला पैसे देता यायचे. व्यापाऱ्यांकडे हिशोबाचे सॉफ्टवेअर पोहोचवले ते बंगळूरच्या गोयंका पिता-पुत्रांनी. १९८६ साली सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीचे ‘टॅली’ हळूहळू महाराष्ट्रातल्या पेठापेठांत शिरले. दिवाळीच्या वहीपूजनात लाल बासनातल्या वहीशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागले.

त्या संगणकांना इथल्या विजेशी जमवून घ्यावे लागले. सुरुवातीच्या डिस्कमध्ये वीज गेली की हेड चकतीवर जिथे असेल तिथेच बसे. म्हणून संगणक हलवण्याआधी ‘पार्क’ ही आज्ञा देऊन हेड सुरक्षित जागी नेऊन ठेवावे लागे. जुन्या ऑपरेटरांच्या हातात ती सवय अजून आहे. नंतरच्या डिस्कमध्ये चांगली युक्ती आली. वीज गेल्यावर चकती काही क्षण फिरतच राहते, तेव्हा तिची मोटर जनित्रासारखी वापरायची आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड बाजूला घ्यायचे. हेड वाचले, पण अर्धवट लिहिली गेलेली फाइल वाचत नाही. २००५च्या पुढची काही वर्षे महाराष्ट्राच्या गावागावांत रोज तासन्‌तास लोडशेडिंग होते, तेव्हा मार्चअखेरच्या ऐन धांदलीत ‘डेटा करप्ट झाला’ हे वाक्य हिशोबनिसांना पाठ झाले होते.

एका डिस्कवर विसंबायचे नाही, हा विचार सर्वांत नेटकेपणे मांडला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या तिघांनी. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचा १९८८ सालचा निबंध एका साध्या भागाकारावर उभा आहे. एक मोठी, महागडी डिस्क घेण्याऐवजी पीसीतल्या १०० स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर काम झपाट्याने होते. पण एक स्वस्त डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभरांपैकी कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार, म्हणजे दोन आठवड्यांच्याही आत. असा संच कोण विकत घेईल? त्यांचे उत्तर होते, थोड्या जादा डिस्क ठेवा आणि त्यांच्यावर अशी माहिती लिहा, की कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिच्यातला मजकूर पुन्हा काढता येईल. या रचनेला त्यांनी ‘रेड’ म्हटले. यातल्या काही कल्पना आधीही वापरात होत्या. आयबीएमच्या एका अभियंत्याला १९७८ मध्ये त्यातल्या एका कल्पनेचे पेटंटही मिळाले होते. पण डिस्क जाणार हे गृहीत धरून यंत्रणा उभी करायची, ही दृष्टी या निबंधाने सगळ्या उद्योगाला दिली.

उत्पादक मात्र आकड्यांत मोठे आश्वासन देत राहिले. डिस्कच्या माहितीपत्रकात सरासरी आयुष्य दहा लाख ते पंधरा लाख तास असे छापलेले असे. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. त्याचा खरा अर्थ एवढाच, की पुष्कळ डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शंभरात एकीपेक्षाही कमी जाव्यात. फेब्रुवारी २००७ मध्ये, योगायोगाने सॅन होजेमध्येच भरलेल्या एका परिषदेत या आश्वासनाची झाडाझडती झाली. ‘रेड’वाले गार्थ गिब्सन आणि बियांका श्रोडर यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या होत्या. प्रत्यक्षात वर्षाला दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागत होत्या, आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ टक्क्यांपर्यंत गेले होते.

त्याच परिषदेत गूगलच्या तीन अभियंत्यांनी स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. तापमान वाढले की डिस्क जाते, असा सगळ्यांचा समज होता. त्यांना तसा सरळ संबंध सापडला नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ‘स्मार्ट’ या नावाने, आणि ती पाहून आधी सावध होता येते असे मानले जाई. गूगलच्या गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी मुख्य चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. निम्म्याहून अधिक डिस्क काही न सांगता गेल्या. ‘आवाज यायला लागला की बघू’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक उद्योजकाने हा आकडा लिहून ठेवावा. अनेकदा आवाज येतच नाही.

एखादे मॉडेलच वाईट निघाले तर प्रश्न आणखी बिकट होतो. २००० साली आलेल्या आयबीएमच्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी या डिस्क इतक्या लवकर बंद पडू लागल्या, की गिऱ्हाइकांनी त्यांना ‘डेथस्टार’ नाव दिले आणि प्रकरण कोर्टात गेले. ‘रेड’च्या संचात त्याच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या चार डिस्क असतील, तर चौघींचे वयही एक आणि दुखणेही एक. २००२ साली आयबीएमने आपला संपूर्ण डिस्क व्यवसाय हिताचीला विकायचे ठरवले. ज्या कंपनीने हार्ड डिस्क जन्माला घातली, ती या धंद्यातून बाहेर पडली. जगात कधी ना कधी हार्ड डिस्क बनवणाऱ्या दोनशेहून अधिक कंपन्या होत्या. आज तीन उरल्या आहेत.

डिस्क टिकली तरी ती जिथे ठेवली आहे ती जागा टिकेलच असे नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना, वांद्रे भागांतल्या तळमजल्यांवर माणसाच्या उंचीइतके पाणी चढले. तिथल्या दुकानांत आणि कार्यालयांत संगणकाचा डबा टेबलाखाली, जमिनीवर ठेवलेला असे. बॅकअपची सीडी त्याच टेबलाच्या खणात असेल, तर प्रत काढण्याची सारी मेहनत पाण्यात जाणारच होती. २०११च्या पावसाळ्यात तर थायलंडमध्ये डिस्क बनवणारे कारखानेच बुडाले आणि पुढचे कित्येक महिने जगभर डिस्क महागल्या; लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांना ते दिवस आठवतात.

दुसऱ्या जागेचे मोल सर्वांत भीषण रीतीने दिसले ११ सप्टेंबर २००१ रोजी. कँटर फिट्झजेराल्ड ही रोख्यांचे व्यवहार करणारी कंपनी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या वरच्या मजल्यांवर होती. त्या हल्ल्यात तिची ६५८ माणसे मारली गेली. त्यापुढे कुठल्याही डेटाची बात करणे हलके वाटते. पण तिची संगणक यंत्रणा न्यू जर्सीतल्या रॉशेल पार्क इथे समांतर चालू होती, आणि १३ सप्टेंबरला रोखे बाजार उघडला तेव्हा कंपनी त्यात उतरू शकली. मेलेल्यांच्या कुटुंबांना पुढे जी मदत कंपनीने दिली, तीही कंपनी उभी राहिली म्हणूनच देता आली.

यानंतर अनेक मोठ्या उद्योगांना वाटले, की दोन जागी हुबेहूब समान यंत्रणा चालवली की काम झाले. एकीवर झालेला बदल तत्क्षणी दुसरीवर. या समजुतीला जबर तडाखा बसला तो २७ जून २०१७ रोजी, आणि त्याची झळ थेट न्हावा शेव्याला लागली.

युक्रेनमध्ये हिशोब आणि करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विषाणू पसरला. तो डिस्कवरची माहिती अशी कुलूपबंद करत असे, की खंडणी भरूनही ती सुटू नये. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे युक्रेनमध्ये कार्यालय होते. तिथून तो तिच्या जगभरच्या जाळ्यात काही मिनिटांत पोहोचला. न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल याच समूहाकडून चालवले जाते. तिथले संगणक बंद पडले, कंटेनर कोणाचा आणि कुठे जायचा हे सांगणारी यंत्रणा थांबली आणि कामाचा खोळंबा झाला. रॉटरडॅमपासून न्यूयॉर्कजवळच्या बंदरापर्यंत हेच चित्र होते.

मर्स्ककडे अनेक सर्व्हरचे काही दिवसांपूर्वीचे बॅकअप होते. नव्हता तो एका महत्त्वाच्या भागाचा. कंपनीच्या जाळ्यात कोण कोण आहे आणि कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर विखुरलेले होते आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक गेला तर बाकीचे आहेतच, म्हणून त्यांची वेगळी प्रत ठेवायची गरज वाटली नव्हती. विषाणूने ते एकाच वेळी पुसून टाकले. एक तेवढा वाचला, तो आफ्रिकेतल्या घाना देशात. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. घानातले इंटरनेट इतके मंद, की ती माहिती पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने विमानाने नायजेरिया गाठले, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती डिस्क दिली आणि त्याने ती इंग्लंडमधल्या मेडनहेडला पोहोचवली. त्या एका प्रतीवरून कंपनीने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. लोडशेडिंगला शिव्या घालत वाढलेल्या मराठी माणसाने ही गोष्ट नीट ऐकावी: जाळ्यापासून तोडून ठेवलेली एक प्रत असायलाच हवी, आणि ती वीज जाण्यावर सोपवता येत नाही.

माणसाच्या हातून होणारी चूकही आरशासारखी सगळीकडे उमटते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाइट माहिती होती. हात आवरेपर्यंत साडेचार उरली. मग एकेक बॅकअप उघडून पाहिला गेला. रोजची प्रत निघतच नव्हती, कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नव्हती. प्रत निघाली नाही हे कळवणारे ईमेल वाटेतच अडवले जात होते. दूरच्या साठ्यात काहीच नव्हते. पाच वेगवेगळ्या सोयींपैकी एकही कामी आली नाही. एका कर्मचाऱ्याने चाचणीसाठी सहा तास आधी सहज काढलेली प्रत सापडली, म्हणून तोटा सहा तासांच्या कामावर निभावला. कंपनीने हा सगळा प्रकार लपवला नाही. दुरुस्ती चालू असतानाच ती जगाला थेट दाखवली आणि नंतर चुकांची यादी प्रसिद्ध केली. इतका प्रामाणिकपणा या धंद्यात दुर्मिळ आहे, आणि त्याचे ऋण सगळ्यांनी मानायला हवे.

नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात, ती बॅकअपची कोणी करत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराला हा धडा २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. दोन केंद्रांमधल्या दूरसंचार जोडण्या तुटल्या आणि त्यामुळे डिस्कची साठवण यंत्रणा अनपेक्षित वागली, असे बाजाराने नंतर सांगितले. आपत्तीसाठीचे पर्यायी केंद्र असूनही त्या दिवशी कामकाज तिकडे हलवले गेले नव्हते. त्यानंतर बाजाराची नियामक संस्था सेबीने नियम कडक केले, आणि २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम उघडून मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर जाण्याची तालीम सगळ्या दलालांसह केली गेली.

ज्यांच्याकडे प्रत नसते, ते जातात डेटा रिकव्हरीवाल्याकडे. हा धंदा १९८०च्या दशकात अमेरिकेत उभा राहिला आणि आता मुंबई-पुण्यातही रुळला आहे. जाणकार माणूस पहिली गोष्ट सांगतो ती ‘चालू-बंद करून पाहू नका’. हेड निखळलेले असेल तर प्रत्येक वेळी डिस्क सुरू करताना ते चकती खरवडते. डिस्क धूळमुक्त खोलीत उघडतात, तशाच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवतात आणि मजकूर जमेल तेवढा उतरवून घेतात.

या कारागिरीचा विलक्षण नमुना भारतीयांना जवळचा आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि तिच्या सहा सहकाऱ्यांसह कोलंबिया यान कोसळले. यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता आणि त्याची नोंद सीगेटच्या ४०० मेगाबाइटच्या डिस्कवर होत होती. काही महिन्यांनी टेक्सासमध्ये एका आटलेल्या तलावाच्या पात्रात ती सापडली, तेव्हा ती जळलेल्या धातूचा गोळा दिसत होती. डब्याचे सील वितळले होते, आत माती गेली होती. पण कोसळताना ती फिरत नव्हती, त्यामुळे चकत्यांवर ओरखडे नव्हते. ऑनट्रॅक कंपनीच्या जॉन एडवर्ड्स यांनी चकत्या धुऊन नव्या डब्यात बसवल्या आणि ९९ टक्के माहिती परत मिळवली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ही बातमी वाचून अनेकांना वाटते, की काहीही परत मिळते. त्याच यानातून सापडलेल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच हाती लागले नाही, हे सहसा सांगितले जात नाही.

पुण्याचे नाव या इतिहासात आदराने घ्यायला हवे. बॅकअपच्या क्षेत्रातली मातब्बर अमेरिकी कंपनी व्हेरिटास हिचे मोठे विकासकेंद्र अनेक वर्षे पुण्यात होते, आणि जगभरच्या बँकांचा डेटा सांभाळणारे सॉफ्टवेअर तिथे लिहिले गेले. तिथून बाहेर पडलेल्या जसप्रीत सिंग आणि मिलिंद बोराटे यांनी रमणी कोदंडरामन यांच्यासह २००८ साली पुण्यातच ड्रुवा ही कंपनी काढली. कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपमधला डेटा आपोआप दूरच्या साठ्यात नेणारे तिचे सॉफ्टवेअर पुढे जगभर गेले. सदाशिव पेठेतल्या एखाद्या दुकानाचा दहा वर्षांचा हिशोब अजूनही एकाच पेन ड्राइव्हवर असावा आणि त्याच शहरात जगाची राखण लिहिली जावी, हे अंतर कमी व्हायला हवे.

सरकारेही यातून सुटलेली नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटरीमुळे आग लागली. अधिकाऱ्यांनी आपल्या फाइली ठेवाव्यात म्हणून सरकारने जो साठा उभा केला होता, तो ८५८ टेराबाइटचा जी-ड्राइव्ह जळून गेला. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. जगातल्या सर्वांत संगणकसाक्षर देशांपैकी एकाच्या सुमारे सव्वा लाख सरकारी नोकरांचे काम त्यात गेले.

भारतातल्या कंपन्यांसाठी ऑगस्ट २०२२ पासून नियम स्पष्ट आहे: हिशोबाच्या वह्या संगणकावर असतील तर त्यांचा बॅकअप रोज घ्यायचा आणि तो भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा. भागीदारी पेढी, किराणा दुकान, दवाखाना, गृहनिर्माण सोसायटी यांना हा नियम लागू नाही, आणि धोका मात्र सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हे पीटर क्रोग या छायाचित्रकाराने सांगितलेले साधे गणित त्यांना पुरेसे आहे. दोन टेराबाइटची बाहेरची डिस्क साध्या मोबाइलच्या किमतीत येते. ती प्रत काढून झाली की संगणकापासून सोडवून घरी न्यावी. आणि मार्चअखेरची वाट न पाहता याच आठवड्यात बॅकअपमधली एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवून उघडून पाहावी. उघडली नाही, तर आजच्या घडीला आपल्याकडे बॅकअप नाही असे समजून कामाला लागावे.